शेवटची दोन मिनिटं

“आमची अडचण अशी, की आमच्या पोरी फार शिस्तीच्या आहेत,” उंचच उंच शिडी सर म्हणाले. “जास्तीची शिस्त कशी कमी करावी, हे कुणी सुचवलं तर उपकार होतील.”

सगळे हसले. बास्केटबॉलचा मोसम सुरू होण्याआधीचा हा दिवस दरवर्षी असाच जायचा. गावातल्या सगळ्या शाळांचे कोच एका शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये जमायचे, घडीच्या खुर्च्यांचं कोंडाळं करायचे. प्रत्येकानं आपल्या संघाचं एक दुखणं सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यावर उपाय सुचवायचा, असा रिवाज होता. पण महिन्याभरात ज्यांच्याशी गाठ पडायची, त्यांना आपलं खरं दुखणं कोण सांगेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यामुळे पैलवान नावाच्या जाडजूड कोचच्या पोरींचा दोष असा निघायचा, की त्या गरजेपेक्षा उंच उडतात. आणि सगळ्यांत म्हाताऱ्या कोचच्या, म्हणजे आजोबांच्या पोरींचा असा, की हरलेल्या संघाची त्यांना फार दया येते.

मग ताईंची पाळी आली.

ताईंनीही घरून एक छानसं खोटं पाठ करून आणलं होतं. पण कालच मुख्याध्यापकांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की यंदाही संघ उपांत्य फेरीत गळाला तर पोरींना दुसरा कोच. चेंडू कसा धरायचा इथपासून ज्यांना शिकवलं, त्या पोरी दुसऱ्याच्या हाती! आता या मुठीत झाकायला उरलंय काय, असं त्यांना वाटलं.

“आम्ही शेवटच्या दोन मिनिटांत हरतो,” त्या म्हणाल्या. “तोपर्यंत पुढे असतो. मग पोरींच्या हातापायांतलं बळच जातं. तीन वर्षं हेच चाललंय. पळवून बघितलं, समजावून बघितलं, ओरडून बघितलं. मला काही कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा.”

खरं दुखणं समोर आल्यावर काय करायचं असतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पैलवान बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.

शिडी सरांनी मान खाली घातली होती. तिन्ही वर्षं ताईंच्या संघाला त्यांच्याच संघानं हरवलं होतं. शेवटी ते म्हणाले, “मला माहितीये.”

“काय माहितीये?”

“तुम्ही उठता, ताई.”

“म्हणजे?”

“शेवट जवळ आला, की तुम्ही खुर्चीतून उठता आणि सूचना द्यायला लागता. तुमच्या पाचही पोरी चेंडू सोडून तुमच्याकडे बघतात. मी आमच्या पोरींना सांगूनच ठेवलंय, ताई उठल्या की तुटून पडा.”

ताई लालबुंद झाल्या. “आणि हे तुम्हाला तीन वर्षं माहीत होतं?”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.” मग सरांना स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं. “तुमच्या पोरी आमच्यापेक्षा चांगल्या खेळतात हो. ती दोन मिनिटं सोडून.”

ताईंना राग आला होता, रडूही येत होतं. पण आत कुठेतरी हायसंही वाटत होतं. पोरींचं काही चुकत नव्हतं. चुकत होतं ते त्यांचं स्वतःचं, आणि ते सुधारणं तरी त्यांच्या हातात होतं.

“मग आत्ताच बसून बघा की,” आजोबा म्हणाले. “आम्ही तुमच्या पोरी होतो.”

पाच कोच ताईंच्या पोरी झाले, बाकीचे शिडी सरांच्या बाजूला गेले. ताईंची खुर्ची मैदानाच्या कडेला ठेवली. खेळ सुरू झाला आणि नुसता बारभाईंचा कारभार! पैलवान आजोबांना कुठे उभं राहायचं ते सांगत होते, आजोबा पैलवानांना. पाच तोंडं आणि ऐकायला एकही कान नाही.

“अहो आजोबा, डावीकडे!” ताई ताडकन उठल्या.

पाचही कोच वळून त्यांच्याकडे बघू लागले. शिडी सरांनी पैलवानांच्या हातातून चेंडू अलगद काढून घेतला आणि रिंगमध्ये टाकला.

“बघितलंत?” ते म्हणाले.

ताई मुकाट्यानं खाली बसल्या. दुसऱ्या खेपेला अर्ध्याच उठल्या, पण तेवढंही पुरलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि दात ओठात रुतवले. पैलवान कोपऱ्यात अडकले होते. पास कुठे द्यायला हवा ते ताईंना लख्ख दिसत होतं. पैलवानांनी एकदा आशेनं त्यांच्याकडे बघितलं. ताई हलल्या नाहीत. मग पैलवानांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि रिंगखाली धापा टाकत उभे असलेले आजोबा त्यांना दिसले. चेंडू गेला. आजोबांनी तो बोर्डावर हलकेच टेकवला. तो रिंगवर जरा घुटमळला आणि आत पडला.

एकच गलका उडाला. पैलवानांनी आजोबांना उचलूनच घेतलं. शिडी सर टाळ्याही वाजवत होते आणि “फाउल होता, फाउल!” असं ओरडतही होते. ताई एकट्याच खुर्चीवर बसून होत्या. कोणाचंही त्यांच्याकडे लक्ष नव्हतं, आणि कितीतरी वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.