बियाण्याची चिंधी

सासूबाईंनी आज तिसऱ्यांदा विचारलं, "तू कोण गं?" इंदुमतीच्या अंगात उत्तर द्यायचंही त्राण उरलं नव्हतं. वृद्धाश्रमाला फोन करायचं तिनं ठरवलंच होतं. त्याआधी दोडके काढावेत म्हणून ती त्यांना हाताला धरून परसात घेऊन आली.

गल्लीतल्या सगळ्या परसांत सासूबाईंचंच बियाणं होतं. वेलावरचं सगळ्यांत चांगलं फळ त्या बियाण्यासाठी राखायच्या आणि त्याला लाल चिंधी बांधायच्या. चिंधीच्या फळाला कुणी हात लावत नसे.

"ही घ्या चिंधी. कुठल्या फळाला बांधायची?" इंदुमतीनं कंटाळून विचारलं.

सासूबाईंनी वेलाकडे पाहिलंच नाही. त्यांनी ती चिंधी इंदुमतीच्याच मनगटाला बांधली आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला दटावलं, "हिला हात लावायचा नाही हं. ही राखायचीय मला."