बाळंतपणाची पेटी

आमची सशीण व्यायला टेकली होती. ससे पाळायला मोबाईलवर बघून बघूनच शिकलोय मी. आंब्याची एक रिकामी पेटी तिच्या पिंजऱ्यात ठेवली आणि आत मऊ घालायला पडवीतल्या ढिगातून पेंढा उचलला.

हातात काहीतरी वळवळलं. पेंढा तिथेच टाकला. आतून करंगळीएवढी तीन फुरशी बाहेर आली.

अण्णा काठी घेऊनच धावले. "चावलान काय रे?"

"नाय. लगेच टाकला मी पेंढा."

शेजारचा गुरुप्रसाद साप पकडतो. त्याने चिमट्याने तिन्ही बरणीत टाकली आणि हसला. "सशिणीआधी फुरसंच बाळंत झालं की रे तुझ्याकडे! हे अंडी नाय घालत, थेट पिल्लं देतं. आणि जन्मल्यापासून विषारी हां." मग त्याचं हसू थांबलं. "पण तीनच कशी? बाकीची कुठे गेली?"

उरलेला ढीग आम्ही काठीने पसरून पसरून बघितला. काहीच नव्हतं.

अण्णांनी काठी टाकून दिली. "यातलाच पेंढा भरला रे आपण ताईच्या आंब्याच्या पेटीत. काल टेम्पोने गेली ती."

ताई आणि तिची छोटी ईरा डोंबिवलीला असतात. फोन लावला, उचलेना. परत लावला, कट केला. परत लावला, परत कट.

मग तिचा मेसेज आला.



"पेटी मिळाली रे! थांब जरा, व्हिडिओ काढतेय. ईरा पेंढ्यात दोन्ही हात घालून पिकलेला आंबा शोधतेय."