जांभळा उजेड

ऋतुजाने हॉलचे पडदे ओढले, मधल्या फटीत टॉवेल खोचला आणि ट्यूबलाइट बंद केली. भर दुपारी खोलीत एकमेकांचे चेहरे दिसेनासे झाले. सोफ्याला कुणी हात लावू नका, उभेच राहा, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

सोफ्याचा वास काही केल्या जात नव्हता. खायचा सोडा चोळून रात्रभर ठेवला, व्हिनेगर शिंपडलं, गाद्या गॅलरीत उन्हात वाळवल्या. शेवटी मशीनवाला माणूस येऊन शांपू करून गेला. थोडे दिवस बरं वाटायचं आणि हवा दमट झाली की पुन्हा तेच. लघवीतल्या युरिक आम्लाचे स्फटिक नुसत्या पाण्याने निघत नाहीत, त्यासाठी एन्झाइमचा स्प्रे लागतो, हे ऋतुजाने आईला समजावलं होतं. पण डाग नेमका कुठे आहे ते आधी कळायला हवं, आणि तो अतिनील टॉर्चखाली दिसतो.

डाग कुठे आहे यापेक्षा तो कुणाचा आहे यात आईला, तेजस्विनीला, जास्त रस होता. घरात संशयित दोघंच. ऋतुजाचा काळा कुत्रा कोको आणि ऋतुजाचे आजोबा, म्हणजे आबा. ज्याचा निघेल त्याची दुसरीकडे सोय करायची, असं तेजस्विनीने सकाळी जेवायला वाढताना, आबांच्या पानात भात घालता घालता सांगून टाकलं होतं. कुत्र्यासाठी तिने मैत्रिणीचं फार्महाउस बघून ठेवलं होतं आणि आबांसाठी यवतच्या बाजूचा एक वृद्धाश्रम. दोन्हीकडे हवा छान आहे, असंही ती म्हणाली. आबांचा मुलगा विक्रम तेव्हा लिंबाची फोड शोधत होता.

आबा मांजरी गावाहून कोथरूडला राहायला आल्यापासून ऋतुजाची खोली त्यांच्याकडे होती आणि ऋतुजा या सोफ्यावर झोपत होती.

तिने टॉर्च लावला. जांभळा उजेड सोफ्याच्या पाठीवरून, हातांवरून फिरला. तिथे काही नव्हतं. मधल्या गादीच्या शिवणीपाशी मात्र फिकट हिरवट पिवळा डाग उमटला, कडेला गडद, मध्ये विरळ.

"सापडला," ती म्हणाली. पुस्तकातली गोष्ट पुस्तकात सांगितल्यासारखीच घडली की तिला आनंद व्हायचा. डाग माणसाचा की कुत्र्याचा, हे या टॉर्चवरून कळत नाही, एवढं सांगायला ती तोंड उघडणार होती. तेवढ्यात तेजस्विनीने तिच्या हातातून टॉर्च घेतला.

आधी तिने तो कोकोवर धरला. काळ्या केसांत उजेड गडप झाला. मग तिने तो आबांवर धरला.

आबा टीव्हीशेजारी उभे होते. आज तपासणी आहे म्हणून त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा आणि लेंगा घातला होता. कॉलरपासून घोट्यापर्यंत ते निळेपांढरे चमकले. बाह्या, खिसा, लेंग्याची नाडीसुद्धा. चेहरा दिसतच नव्हता. अंधारात नुसते कपडे उभे होते.

विक्रम एक पाऊल मागे सरकला.

"कोकोवर एक ठिपका नाही," तेजस्विनी म्हणाली. "आणि हे बघा. आबा, तुमच्यावर अख्ख्या सोसायटीचं वीजबिल वाचेल."

आबांनी बाह्या उलटसुलट करून पाहिल्या. एक बाही दुसऱ्या हाताने घासून पाहिली.

"ऋतुजा, तू शिकलेली हाईस. ह्ये काय हाय, तूच सांग."

ते काय आहे हे ऋतुजाला माहीत होतं. कपडे जास्त शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक द्रव्य घालतात, ते या उजेडात चमकतं. लघवीशी त्याचा काही संबंध नाही. वासाचा विषय निघाल्यापासून आबा आपले कपडे रोज स्वतः धूत होते, दुप्पट पावडर घालून. जितकं धुतलं तितके ते चमकत होते. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं.

"जे दिसतंय ते दिसतंय, आबा," ती म्हणाली.

तेजस्विनीने टॉर्च तिच्या हातात परत दिला. ऋतुजाने तो खाली, फरशीकडे धरला. अंधारात थोडा वेळ कापडाची सळसळ ऐकू आली. मग उजेडात सदरा येऊन पडला आणि फरशीवर एकटाच चमकत राहिला.

"आता लाव," वरून आवाज आला. "नुसत्या अंगावर लाव."

रीत अगदी बरोबर होती. प्रयोगशाळेत तिनेही हेच केलं असतं, एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा बघायचं. मनगट थोडं वर उचललं की झालं.

ऋतुजाने टॉर्च बंद केला आणि पडदे उघडले.

दुपारचं ऊन एकदम आत आलं. आबा उघड्या अंगाने उभे होते, हात अंगापासून लांब धरून, डोळे घट्ट मिटून. बरगड्या श्वासाबरोबर वरखाली होत होत्या. टॉर्च लागलाय असंच त्यांना वाटत होतं.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

विक्रम फोन कानाला लावून गॅलरीत गेला होता. सोमवारपासून जागा आहे का, असं तो विचारत होता. आबांनी डोळे उघडले आणि सदऱ्यासाठी हात पुढे केला. तेजस्विनीने सदरा फरशीवरून दोन बोटांत उचलला, श्वास रोखून धरला आणि त्यांच्या हाताला वळसा घालून ती मोरीकडे गेली.