पांढऱ्या टॉवेलाची खुर्ची

“या सरपंचसाहेब, बसा!” तालुक्याहून चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने ग्रामपंचायतीतली पांढऱ्या टॉवेलाची खुर्ची दाखवली आणि शेवंताचा नवरा तीत ऐसपैस बसला.

शेवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गावाने निवडून दिलेली सरपंच ती होती. नवरा आपल्या खुर्चीत बसून परस्पर कारभार हाकतो, अशी तक्रार तिनेच तालुक्याला केली होती. आणि त्या तक्रारीची चौकशी ही अशी चालली होती!

“काय हो, तक्रारीत काही तथ्य?” अधिकाऱ्याने विचारलं, तेही नवऱ्यालाच.

“छ्या! सगळं तीच बघते की,” नवरा हसला. “अगं, साहेबांना चहा आण.”

“साखर कमी हं, वहिनी,” अधिकारी म्हणाला.

शेवंताने नवऱ्याच्या पाठीमागचा टॉवेल असा हिसडला, की तो दचकून उभाच राहिला. टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकून ती खुर्चीत बसली.

“अहो, चहा तुम्ही आणा. साखर कमी, ऐकलंत ना?” मग ती अधिकाऱ्याकडे वळली. “आणि साहेब, कोरा कागद काढा. सरपंच तक्रार सांगतेय. ही दुसरी, तुमच्यावरची.”