पोरिरुआचं स्थळ

पलंगभर साड्या पसरल्या होत्या आणि पाहुणे जवळच्याच हेन्डरसन उपनगरातल्या दुकानांपर्यंत येऊन ठेपले होते.

"मोरपंखी फार उठून दिसेल गं," विभावरी म्हणाली.

"दिसू दे की. आज नाही तर कधी?" अस्मिताने बाकीच्या साड्या भराभर कपाटात कोंबल्या.

बाबा गेले तेव्हा अस्मिता शाळेत होती. तेव्हापासून या घरात मायलेकी दोघीच. समजूत काढायला तिसरं माणूस नाही, म्हणून भांडणंही बेताचीच. आता एका मैत्रिणीने हे स्थळ सुचवलं होतं. जमलं, तर दोघींपैकी एक विमानाने तासाभरावरच्या पोरिरुआला जाणार आणि दुसरी इथे एकटी उरणार. दोघींनाही ते पक्कं ठाऊक होतं, आणि आठवडाभर दोघी पोह्यांत मटार घालावेत की नाही एवढ्यावरच बोलत होत्या.

"एकटं राहणं सोपं नसतं," विभावरी आरशात बघत म्हणाली.

"शिकतं माणूस," अस्मिता कपाटाचं दार लावत म्हणाली.

पुण्याच्या प्रकाशमामाने तर हातच वर केले होते. अस्मिताने कुठले विषय घ्यावेत इथपासून गाडी कुठल्या रंगाची असावी इथपर्यंत फोनवरून हुकूम सोडणारा हा मामा या वेळी म्हणाला, "तिथे तू आहेस. तुला पटलं तर पुढे जायचं, नाही पटलं तर विषय बंद." आजवर आपल्याला गप्प बस म्हणणारी माणसं आता आपण काय बोलतो याची वाट बघतात, याचंच तिला नवल वाटत होतं.

बेल वाजली. दारात वेदांत उभा होता. इकडच्या ऐन हिवाळ्यात, भर ऑगस्टच्या थंडीत, पायांत जँडल्स म्हणजे नुसत्या रबरी चपला आणि तोंडभर हसून इथला नमस्कार, "किया ओरा". त्याच्या मागे त्याचे वडील, चंद्रहास. नव्या शर्टावर घडीच्या रेषा तशाच होत्या.

विभावरी ट्रे घेऊन दारातच घोटाळली, तेव्हा तो अस्मितानेच पुढे नेला.

"तुम्ही ईस्ट टामाकीला नोकरीला असता ना? काय काम असतं?" चंद्रहासांनी पोह्यांची बशी घेत विचारलं.

बाबांच्या वयाच्या माणसाने तिला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं. ती क्षणभर गोंधळली. "बिस्किटांच्या फॅक्टरीत क्वालिटी बघते. चांगला माल कुठला, वाईट कुठला ते."

"मग आज आमची काही धडगत नाही," ते म्हणाले. सगळे हसले. विभावरी मात्र मान खाली घालून बसली होती.

पोहे संपले. बोलणं वाऱ्यावरून पावसावर आणि पावसावरून पुन्हा वाऱ्यावर आलं. शेवटी चंद्रहासांनीच घसा साफ केला. "मुलांनो, तुम्ही दोघं जरा बाहेर जाऊन बोलून घ्या. मोकळेपणाने विचारा. मनात काही राहायला नको."

दोघं मागच्या डेकवर आले.

"ऑनेस्टली, मला आधी हे सगळं विअर्ड वाटलं होतं," वेदांत म्हणाला.

"मलाही." अस्मिताने कठड्यावर हात टेकले. "स्वभाव कसा आहे? खरं सांग."

"राग नाही. रुसणं आहे. क्रिकेट हरलो की जेवण बंद. आणि इकडे?"

"इकडे एकदम भडका. पण पाच मिनिटांत शांत."

"स्वीट ॲज, एकदम झकास," तो म्हणाला. "पोरिरुआत चालेल. वाराच एवढा आहे की भडका टिकत नाही."

तिला हसू आलं. मग तिने सगळ्यात अवघड प्रश्न विचारला. "आणि आधीचं? ते विसरून झालंय?"

वेदांत कठड्याला टेकून उभा राहिला. "विसरावं असं मलाच वाटत नाही. पण यंदा घरात पुन्हा गाणी लागायला लागलीत. खूप वर्षांनी."

"नकोच विसरायला," अस्मिता हळूच म्हणाली.

काचेच्या दारातून आतली दोघं दिसत होती. दोघांचंही लक्ष बाहेर, डेककडे होतं. कालपरवापर्यंत शाळेच्या सहलीला जाऊ का म्हणून आईच्या मागे मागे फिरणारी ती, आणि आज ही मोठी माणसं तिच्या एका शब्दासाठी ताटकळली होती. मोठं होणं हळूहळू, कळत-नकळत घडत असेल अशी तिची समजूत होती. ते असं भर दुपारी, डेकवर उभं असताना समोर येईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला भीती वाटली, आणि भीतीहून कितीतरी जास्त अप्रूप वाटलं.

"जाऊ या आत?" वेदांतने विचारलं. तिने मान हलवली.

दोघं आत आले. विभावरी गालिच्याकडे बघत राहिली. चंद्रहासांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. अस्मिता त्यांच्यासमोर ताठ बसली.

"काका," ती म्हणाली, "आमच्याकडून होकार आहे. एकुलती एक आई आहे माझी. सांभाळून घ्या तिला."