तुलनेचं रक्त

नळ्यांची अदलाबदल झाली असणार, असंच रक्त घेणाऱ्या मुलीने आधी गृहीत धरलं होतं. काकांची चिठ्ठी काकूंच्या नळीला, काकूंची काकांच्या. होतं असं, घाईत कुणाच्याही हातून होतं. म्हणून काल तिने दोघांचं रक्त पुन्हा घेतलं, चिठ्ठ्या तिथल्या तिथे डकवल्या, आणि आज मशीनने परत तेच सांगितलं. तिची चूक नव्हती. असती तर किती बरं झालं असतं!

ती वॉर्डात शिरली तेव्हा काका पलंगाच्या कडेला बसून शर्टाची बटणं लावत होते. गेल्या आठवड्यात हृदय अचानक थकून छातीत पाणी भरलं होतं त्यांच्या, दोन शब्द बोलायची मारामार होती. आज घरी जायचं होतं आणि तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू होता.

"आला बघ आमचा डास!" ते बायकोला म्हणाले. "आज कुणाचा नंबर ग बाई?"

काकूंना ह्या भानगडीत ओढलं होतं ते ह्याच मुलीने. डॉक्टरांचा अभ्यास चालू होता. हृदयावर ताण आला की ते रक्तात मायक्रो-आरएनए नावाचे बारीक बारीक तुकडे सोडतं, ते मोजायचे. "म्हणजे हृदय चहाड्या करतं म्हण की," काका तेव्हा म्हणाले होते. आजारी माणसाच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं, आणि ते त्याच घरातलं मिळालं तर उत्तमच: तेच मीठ, तेच पाणी, तीच हवा. काकू लगेच तयार झाल्या होत्या. "घे की! मला काय धाड भरलीय?"

"काकू, जरा बाहेर येता?" मुलगी म्हणाली.

"तिला खुर्चीवरून उठवू नकोस हो," काका म्हणाले. "मंत्र्यालासुद्धा इतकी प्यारी नसेल. बाजूला पलंग दिलाय झोपायला, तर नाही, बाईसाहेब इथेच बसून झोपणार!"

दाराबाहेरच्या बाकापर्यंत यायलाच काकूंना दम लागला. त्या बसल्या आणि मुलीचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. चपलेचे पट्टे पावलांत रुतले होते. रोज ती ह्या बाईसमोर येऊन उभी राहत होती आणि बघत होती फक्त हातावरची शीर. तिला स्वतःची चीड आली.

"काकू, खुर्चीतच का झोपता?"

"आडवं झालं की जीव घुसमटतो ग."

"कधीपासून?"

"झाले की बरेच महिने. घरीसुद्धा उशा लावून बसते. ह्यांना वाटतं, टीव्ही बघता बघता डोळा लागला हिचा." काकू हसल्या. मुलीला हसता आलं नाही.

"तुमचे आकडे चांगले नाहीत, काकू. काका आले तेव्हा त्यांचे होते, त्याहून वाईट आहेत. डॉक्टर म्हणतायत, आजच दाखल व्हायचं. आत्ताच."

समोरून एक रिकामी खाट ढकलत नेत होते, ती वळेपर्यंत काकू तिच्याकडे बघत राहिल्या.

"आणि ह्यांचे?"

"काकांचे उतरलेत. छान उतरलेत."

"बघ!" काकूंचा चेहरा असा फुलला की मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग झालं तर!"

"झालं काय, काकू? तुमचं काय?"

"ऐकलं मी, बहिरी नाही. आणि दूधखुळीही नाही. कळत होतं ग मला. पण म्हटलं, आधी ह्यांचं निभावू दे. दोघं एकदम आडवे झालो तर उठवायचं कुणी?" त्यांनी श्वास घेतला, परत घेतला. "राहते मी. मुलगा येतोय, तो नेईल ह्यांना. पण ह्यांना कळता कामा नये. निदान आज तरी नाही. घरी जाऊन चार घास खाऊ देत, नीट झोपू देत."

"मला नाही हो खोटं बोलता येत."

"तू कशाला बोलतेस? मी आहे ना. संसार केलाय मी."

मुलीने हात पुढे केला, पण काकू आपल्या आपणच उठल्या. दारात पोचल्यावर क्षणभर चौकट धरून थांबल्या, श्वास सारखा केला आणि मग आत गेल्या.

"काय म्हणत होती ग?" काकांनी विचारलं.

"माझं रक्त फार चांगलं निघालंय म्हणे. असं शोधून सापडत नाही. अभ्यासासाठी थोडे दिवस इथंच राहा म्हणतात. तुम्ही व्हा पुढे, मी येतेच मागून."

काकांनी मुलीकडे पाहिलं. तिने मान डोलावली. कशी डोलावली, तिचं तिला ठाऊक.

"मी सांगत नव्हतो?" काका एकदम खुशीत आले. त्यांनी स्वतःच्या हाताने काकूंची बाही वर सरकवली आणि त्यांचा हात मुलीपुढे धरला.

"घे. लागेल तेवढं घे. हिला काही कमी पडायचं नाही."