दहावा आकडा

छतावर चार माणसं, दोन शेळ्या, तीन टक्के चार्जिंगचा फोन आणि हँडलवर चालणारा रेडिओ होता. खाली पूर होता आणि सबाच्या भावाला साप चावला होता. ११२ लागेना. अब्बा हँडल फिरवत होते. हात थांबला की आवाज थांबायचा. निवेदिका अंबडच्या बचावपथकाचा दहाआकडी नंबर सांगत होती. नववा आकडा सांगून झाला आणि अजान सुरू झाली. अजानला रेडिओ बंद करायची जन्माची सवय. अब्बांचा हात थांबला. पुन्हा फिरवलं, तोवर बातमी धरणावर पोचली. “सकाळपासून फिरवून राह्यले, अन् आत्ताच थांबायचं होतं?” अम्मी म्हणाली. सबानं शेवटचा आकडा शून्यापासून लावत नेला. चारवर कुणीतरी “राँग नंबर” म्हणालं. सातवर बचावपथक लागलं. तिनं सगळं सांगितलं. “श्वास घेतोय का?” पलीकडून विचारलं. भावाच्या छातीवर हात ठेवून तिनं मोजलं. “मिनिटाला सहाच.”